आरोग्य-प्रश्नोत्तरे : गुडघ्याला पट्टा कोणता आणि कशासाठी?

(गुडघेदुखीसाठी वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांना आमच्या सदरातील अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेली उत्तरे.)

प्रश्न : मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. दोन्ही गुडघे, त्यातही उजवा, आतल्या बाजूने दुखतात. पाय थोडे बाहेर वाकले आहेत, असे मुलगा म्हणतो. औषधाच्या दुकानातून नी-कॅप आणली, मग शेजारच्या बाईंना उपयोग झाला म्हणून कडेला पट्ट्या असलेली दुसरी आणली. ऊब वाटते, पण चालताना दुखायचे ते दुखतेच. आता काही हजार रुपयांचा ‘अनलोडर’ पट्टा घ्या, असे एकाने सुचवले आहे. तो घ्यावा का? आणि पट्ट्याने स्नायू कमजोर होतात, हे खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दुखणे गुडघ्याच्या आतल्या बाजूला आहे आणि पाय बाहेर वाकले आहेत, ही आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती आहे. पट्ट्याची निवड तिच्यापासून सुरू व्हायला हवी. शेजारच्या बाईंचा अनुभव खोटा नाही, पण त्यांचे दुखणे गुडघ्यात नेमके कोठे आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.

निरोगी माणूस सपाट जमिनीवर चालतो तेव्हाही गुडघ्यावरील निम्म्याहून बराच अधिक भार सांध्याच्या आतल्या कप्प्यावर येतो. पाय धनुष्यासारखे वाकू लागले की तो आणखी वाढतो, तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तर, झिजते आणि झिजेमुळे पाय अधिक वाकतो. साधी नी-कॅप भाराच्या या वाटणीत काहीही बदल करीत नाही. ती ऊब देते, हलका दाब देते आणि त्वचेला सतत होणाऱ्या स्पर्शामुळे गुडघ्याच्या हालचालीची जाणीव अधिक स्पष्ट होते, म्हणून पाऊल टाकताना धीर येतो. सुरुवातीच्या दुखण्याला एवढेही पुरते. कडेच्या लवचीक पट्ट्यांचे काम मुख्यतः कापड गोळा होऊ न देण्याचे असते. त्यांनी वाकलेला पाय सरळ होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

अनलोडर पट्ट्याची रचना वेगळी असते. तो गुडघ्यापाशी बाहेरून आत आणि मांडी व पोटरीपाशी आतून बाहेर, असा तीन ठिकाणी दाब देतो, त्यामुळे आतल्या कप्प्यावरचा काही भार बाहेरच्या कप्प्याकडे सरकतो. झीज प्रामुख्याने एकाच कप्प्यात असेल, पायाचा बाक हाताने दाबल्यावर थोडा तरी सुधारत असेल आणि रुग्णाला रोज बरेच चालायचे असेल, तर त्याचा चांगला उपयोग होतो. सर्व कप्पे झिजले असतील किंवा बाक पक्का झाला असेल, तर हे पैसे वाया जातात. म्हणून आधी उभे राहून, म्हणजे पायांवर भार देऊन, दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातील खरे अंतर पुष्कळदा दिसत नाही.

तज्ज्ञांच्या संस्थांचेही या पट्ट्यांविषयी एकमत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये, झिजेमुळे चालण्यावर, सांध्याच्या स्थैर्यावर किंवा वेदनेवर मोठा परिणाम झाला असेल तर गुडघ्याच्या पट्ट्याची ठाम शिफारस केली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये मात्र पट्टे सरसकट देऊ नयेत, असे सांगितले. सांधा अस्थिर असेल किंवा भार चुकीच्या जागी पडत असेल, पट्ट्याशिवाय व्यायाम जमत नसेल आणि पट्ट्याने हालचाल सुधारण्याची शक्यता असेल, तरच तो द्यावा, अशी तिची भूमिका आहे. माझा अनुभव दुसऱ्या मताच्या जवळ जाणारा आहे. महागडे अनलोडर कपाटात पडून राहिलेले मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्याचे कारण बहुधा साधे असते : ते जाड असतात, उन्हाळ्यात सोसवत नाहीत, साडीखाली नीट बसत नाहीत आणि मांडी जाड असल्यास खाली घसरतात. त्यामुळे असा पट्टा ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे कृत्रिम आधार मापाने बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तो घालून तिथेच निदान अर्धा तास चालून, बसून, जिना उतरून पाहावे. मुंबईत हाजी अलीजवळील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशी साधने मापाने तयार करून देतात.

स्नायूंविषयीची भीती निराधार नाही, पण ती वाढवून सांगितली जाते. दिवसातून काही तास, चालण्याच्या वेळी पट्टा वापरून व्यायाम चालू ठेवला, तर स्नायू क्षीण होत नाहीत. पट्टा आहे म्हणून व्यायाम सोडला, तर मात्र होतात, आणि त्याचा दोष पट्ट्याकडे जात नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरणे, पाय सरळ ठेवून उचलणे आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे हे तीन व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत. वजन अधिक असेल तर ते उतरवण्याइतका स्वस्त उपाय नाही, कारण एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. उजवा गुडघा अधिक दुखतो, तेव्हा काठी डाव्या हातात धरावी. बहुतेक जण ती दुखऱ्याच बाजूला धरतात. आपल्या जागी मी असतो, तर काठी आणि व्यायाम यांना तीन महिने दिले असते आणि मगच अनलोडरचा विचार केला असता.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. चढाई करताना त्याचा गुडघा पिरगळला, ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा सुजला. सूज आता गेली आहे, पण वळताना गुडघा निसटल्यासारखा होतो. धातूच्या बिजागऱ्यांचा पट्टा लावून पुढच्या महिन्यातील स्पर्धेत तो खेळू शकेल का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. आवाज येणे, काही तासांत सूज चढणे आणि नंतर वळताना गुडघा निसटणे, ही पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड जोडून ठेवणारा चिवट बंध, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, तो तुटल्याची नेहमीची लक्षणे आहेत. त्याची खात्री तज्ज्ञाच्या हाताच्या तपासणीने आणि एमआरआयने होते, आणि ती होईपर्यंत मुलाने मैदानात उतरू नये.

बिजागरीचा पट्टा गुडघा कडेने उघडण्यापासून बऱ्यापैकी रोखतो, त्यामुळे आतल्या किंवा बाहेरच्या कडेचा लिगामेंट ताणला गेला असेल तर तो भरून येईपर्यंत काही आठवडे त्याचा चांगला उपयोग होतो. एसीएल नसलेल्या गुडघ्यात मात्र नडगीचे हाड वळताना पुढे आणि आत सरकते. त्वचा आणि स्नायूंवरून बांधलेला कोणताही पट्टा चढाईच्या झटक्याला ते पूर्णपणे थोपवू शकत नाही. पट्टा लावून मुलाला सुरक्षित वाटेल, आणि मला नेमकी त्याचीच चिंता आहे, कारण गुडघा निसटण्याच्या प्रत्येक वेळी आतली मेनिस्कस ही गादी फाटण्याचा धोका असतो. ती एकदा गेली की तरुण वयातच झीज सुरू होते. शिवाय धातूची बिजागरी पकड करणाऱ्या खेळाडूलाही लागू शकते. शस्त्रक्रिया करावी लागली, तर स्पर्धेत परतण्यास साधारणपणे नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मुलाला हे ऐकणे जड जाईल, म्हणून शक्य असल्यास त्याच्या प्रशिक्षकांनाही तपासणीला सोबत न्यावे.

गुडघा मधेच अडकून सरळ होईनासा झाला, तर पट्ट्याने तो ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून दरवर्षी आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी करतो. मला मधुमेह आहे आणि पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा आहेत. गेल्या वर्षी दिवसभर घट्ट नी-कॅप घातली, तर संध्याकाळी पाऊल सुजत असे. यंदा काय करावे? (एक वारकरी, जुन्नर)

उत्तर : आपल्या बाबतीत पट्ट्याचा प्रकार ठरवण्याआधी तो घालण्याची रीत बदलणे आवश्यक आहे. घट्ट नी-कॅपची खालची कड चालता चालता गुंडाळली जाते आणि पोटरीभोवती आवळदोरीसारखी बसते; फुगलेल्या शिरांमधून आधीच सावकाश वर चढणारे रक्त तिथे अडते आणि पाऊल सुजते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल, तर आवळल्याचे कळतही नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, पावलाला वर उचलणारी नस हाडाला अगदी लगटून जाते. तिच्यावर तासन्‌तास दाब राहिला, तर पाऊल उचलणे अवघड होऊ शकते, म्हणून तिथे मुंग्या आल्या की पट्टा ताबडतोब काढावा.

पट्ट्याच्या कडेखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. प्रत्येक विसाव्याला तो काढून त्वचा पाहावी, लाल ओरखडा किंवा फोड दिसल्यास पुन्हा घालू नये, आणि मुक्कामी तर तो अजिबात ठेवू नये. निओप्रीनचा, म्हणजे रबरी स्पंजासारख्या कापडाचा पट्टा ऊब चांगली देतो, पण आषाढाच्या पावसात भिजला की वाळत नाही, आतली त्वचा पांढरी पडून सोलते आणि काहींना त्यातील रसायनांची ॲलर्जीही होते. आपल्यासाठी हवा खेळती ठेवणारे विणलेले कापड बरे, आणि बदलायला दुसरी जोडी सोबत असावी. दिवेघाटाच्या चढणीपुरता तो घालून सपाट रस्त्यावर काढला तरी चालेल. दिवसभर अंगावर असलाच पाहिजे, असे काही नाही.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली आणि दुखू लागली, तर त्या पायाला पट्टाही नको आणि मालीशही नको, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. दिंडीतल्या मंडळींना सांगून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुडघाच लाल, गरम होऊन ताप आला, तरीही तसेच करावे. निघण्यापूर्वी रक्ताभिसरणाची आणि पावलांच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर मी आपल्याला कोणताच दाबाचा पट्टा सुचवणार नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. गड उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखते. एक्स-रे चांगला आहे. ऑनलाइन पट्टा मागवायचा तर माप कसे घ्यावे? रात्री घालून झोपावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हे दुखणे वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधील आहे, आणि त्यासाठी समोर वाटीपुरते छिद्र व त्याभोवती मऊ कडे असलेला पट्टा सहसा बरा पडतो. बंद नी-कॅप वाटीवर उलट दाब देते. वाटीच्या खाली, तिला नडगीशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या कंडरेपाशी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर तिथे बांधायची अरुंद पट्टी चालते. माप उभे राहून, वाटीच्या मध्यावर टेपने घ्यावे आणि उत्पादक सांगत असेल तर मांडीचा घेरही ठरावीक अंतरावर मोजावा. ‘मीडियम’ प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, त्यामुळे आकड्यांचा तक्ता नसलेला पट्टा मागवूच नये. दोन मापांच्या मध्ये असाल, तर मोठे घ्यावे. तो उतरणीला घालावा, घरी आल्यावर काढावा आणि झोपताना घालू नये. कोमट पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावा, आणि धुताना वेल्क्रो बंद ठेवावे, नाहीतर त्यात धागे अडकून ते लवकर निकामी होते. नितंब आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सहा ते आठ आठवडे नियमाने केल्यावर बहुतेकांना या पट्ट्याची गरज कमी होत जाते. तोवर उतरताना दोन काठ्या वापराव्यात आणि पावले लहान टाकावीत.