आईचा सेन्सर आणि एफडी

प्रश्न: आई ६८ वर्षांची, पेडण्याला एकटीच असते. बरीच वर्षं इन्सुलिन घेते. गेल्या महिन्यात दोनदा पहाटे साखर एकदम उतरली. दंडावर सेन्सर लावून तिची साखर मला इथे वास्कोत मोबाइलवर दिसेल, अशी योजना एकाने सुचवली. वर्षाचे १,३०,००० रुपये, एकदम भरायचे. सुटा सेन्सर ५,०००ला मिळतो. आईची ४ लाखांची एफडी मोडावी का?

उत्तर: ताई, सेन्सर घ्या. एफडीला मात्र हात लावू नका, आणि वर्षाचे पैसे आगाऊ तर मुळीच भरू नका.

एक सेन्सर १४ दिवस चालतो, म्हणजे वर्षाला २६ लागतात. ५,००० गुणिले २६ किती होतात ते करून बघा. बरोबर १,३०,०००! मग एकरकमी भरून तुमच्या पदरात पडलं काय? हा खर्च दर महिन्याचा आहे, जवळजवळ १०,८०० रुपयांचा, आणि तो मुदलातून भागवायला गेलात तर तीन वर्षांत एफडी संपते. व्याज बुडतं ते वेगळंच. असा खर्च कमावत्यांच्या पगारातून जायला हवा. भावंडं असतील तर आजच वाटणी ठरवा.

तरी सुरुवातीला दोनच घ्या. साधारण महिनाभराचा आलेख घेऊन आईला तिच्या डॉक्टरांकडे न्या. रात्रीचा डोस किंवा जेवणाची वेळ बदलून पहाटेची घसरण थांबली, तर पुढे अधूनमधून एखादा सेन्सर आणि एरवी बोट टोचून तपासायच्या स्ट्रिप्स एवढ्यावर भागेल का, ते त्यांनाच विचारा. पण बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या काही जणांना साखर उतरली तरी घाम, थरथर असं काही जाणवतच नाही. आईचं तसं असेल तर सेन्सर कायमचा धरा, तिथे काटकसर नको. स्ट्रिप्सचा खर्चही पूर्ण सुटत नाही. सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो. आकडा एक सांगतोय आणि आईला वाटतंय दुसरंच, अशा वेळी बोट टोचूनच बघावं लागतं.

विकणारे सहसा सांगत नाहीत ते आता. साखर ७०च्या खाली गेली की गजर आपोआप वाजतो, की फोन सेन्सरजवळ नेल्यावरच आकडा कळतो, हे आधी विचारा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर पहाटेच्या झोपेत त्याचा उपयोग शून्य. आईचा फोन त्या ॲपला चालतो का? नसेल तर नव्या फोनचे पैसे धरा. रात्री तो तिच्या उशाशीच हवा. पावसात नेट गेलं तर तिचा फोन वाजेल, तुमचा गप्प राहील. आपल्याकडच्या घामट हवेत सेन्सर मुदतीआधी सुटून येऊ शकतो. बदलून देतात का ते विचारून घ्या, बिल आणि खोका जपून ठेवा.

आणि पहाटे तीनला तुमचा फोन वाजलाच, तर वास्कोहून पेडण्याला पोचेपर्यंत फार उशीर झालेला असेल. म्हणून शेजारच्या वहिनींकडे घराची एक चावी द्या. जमलं तर ॲपमध्ये त्यांनाही जोडा. शुद्ध असेल तर साखरपाणी, नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८, एवढं त्यांना नीट समजावून सांगा. याला पैसा लागत नाही, पण याच्याशिवाय ते १,३०,००० पाण्यात.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असलं तरी ते रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. दर पंधरवड्याच्या सेन्सरचा हिशेब त्यात धरू नका. करात मात्र थोडी फट आहे. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल आणि आईचा आरोग्य विमा नसेल, तर तिच्या औषधोपचारावर तुम्ही केलेल्या खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजावट मागता येते. दीनदयाळच्या कार्डासाठी भरलेली रक्कम त्यात आड येते का, हे सीएला विचारून घ्या. रोख दिलेले पैसे मात्र धरत नाहीत, तेव्हा पहिल्या सेन्सरपासूनच यूपीआय करा, तेही आईच्या नाही, तुमच्या खात्यातून.