इंग्रजीचा पहिला बी-टू पेपर काढतेयस म्हणून

अगं, पेपर रिकाम्या जागांनी भरू नकोस. आपल्या पोरांना नियम तोंडपाठ असतात, बोलायची वेळ आली की दातखीळ. बी-टू ही युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची एक पातळी, म्हणजे आपली बाजू कारणं देऊन मांडता येणं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ५.५ ते ६.५ गुणपातळी. म्हणून तोंडी परीक्षा जोडीनं घे. विषय ओळखीचा दे: कुंभमेळ्यात गोदाघाटावरची गर्दी कशी आवरावी, किंवा भाव पडल्यावर लासलगावला कांदा न्यावा की कांदाचाळीत साठवून ठेवावा. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं खोडायचं. पाठांतर तिथं उघडं पडतं. मराठी वळणाच्या उच्चाराचे गुण कापू नकोस, अर्थ कळला की पुरे. निबंध तू आणि दुसऱ्या एका शिक्षिकेनं वेगवेगळे तपासा. आणि हो, ऐकण्याच्या चाचणीआधी स्पीकर वाजवून बघ. माझी एक बॅच नुसती खरखर ऐकत बसली होती.