मेटार वाचताना

प्रश्न : कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा पावसाळी मेटार (विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल) : ‘०३३०झेड २६०१२केटी १५०० आरए बीकेएन०१०’. याचा अर्थ काय? धावपट्टी ०७/२५ पैकी कोणती बाजू?

उत्तर : ०३३०झेड ही जागतिक वेळ, साडेपाच तास मिळवा, सकाळचे ९. वारा २६० अंशांकडून ‘येतो’ (जातो नव्हे, इथंच बहुतेक फसतात), वेग १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किमी. उतरायचं वाऱ्याला तोंड देऊन, म्हणून २५. ती साधारण २५० अंशांची. फरक १०, आडवा वारा जेमतेम २ नॉट. खरी अडचण १५०० मीटर दृश्यमानतेची. ‘आरए’ म्हणजे मध्यम पाऊस, जोराचा असता तर ‘+आरए’. ‘बीकेएन०१०’ म्हणजे आकाशाचा बराचसा भाग झाकणारे ढग १,००० फुटांवर, पण विमानतळापासून मोजलेले. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट, त्यामुळे क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणून सांगितलेला हवेचा दाब) लावलेल्या उंचीमापकावर ते ३,०००ला लागतात.