‘संदर्भ : गुगल’ का चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बी.ए.च्या प्रकल्पात किल्लारीच्या भूकंपावर लिहिलं, माहिती सगळी नेटवरची. शेवटी ‘संदर्भ : गुगल, विकिपीडिया’ असं टाकलं तर सरांनी फाईल परत दिली. आता नुसत्या लिंका चिकटवल्या तर चालेल का?

नाही चालणार. सरांचं बरोबरच आहे. गुगल म्हणजे लातूरच्या बसस्टँडवरचा चौकशीच्या खिडकीतला माणूस. उमरग्याची गाडी कुठं लागते ते सांगतो, पण तुम्ही उमरग्याला कशानं गेलात याचं उत्तर ‘चौकशीची खिडकी’ होत नाही.

तुमच्याच विषयाचं बघा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, इथवर सगळे एकमतानं बोलतात. तीव्रता मात्र कुठं ६.२, कुठं ६.४. मृतांचा आकडा एका ठिकाणी ७,९२८, दुसरीकडं ९,७४८. तुम्ही प्रकल्पात यातला कोणता घेतला आणि कुणाचा घेतला? सर हेच विचारायलेत. आकड्याच्या शेजारीच, त्याच वाक्याला, संदर्भ लागतो. शेवटच्या पानावर एकगठ्ठा देऊन भागत नाही. आणि विकिपीडियावर आकडा सापडला तर तिथंच थांबू नका. खाली तळटीप असते, ती उघडा, मूळ अहवाल किंवा बातमी वाचा, आणि जे स्वतः वाचलं त्याचाच संदर्भ द्या. मूळ मिळालंच नाही तर विकिपीडियाचं नाव द्यायला लाजू नका, फक्त डाव्या पट्टीत किंवा साधनांच्या यादीत ‘शाश्वत दुवा’ असतो तो द्या. त्यानं तुम्ही पाहिलेलीच आवृत्ती उघडते, उद्या कुणी लेख बदलला तरी.

नोंदीत काय लिहायचं? लेखक (नसेल तर संस्था), पानाचं शीर्षक, संकेतस्थळाचं नाव, प्रसिद्धीची तारीख, पत्ता, आणि तुम्ही ते पाहिल्याची तारीख. संदर्भ लिहिण्याच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत, एपीए आणि एमएलए. एपीएची सातवी आवृत्ती पाहिल्याची तारीख फक्त बदलत्या पानांना मागते, एमएलएत ती ऐच्छिक आहे. मी ग्रंथालयात येणाऱ्या पोरांना सरसकट द्यायला लावते. कारण माझं स्वतःचं हसं झालंय. एम.फिल.च्या वेळी एका सरकारी खात्याच्या पानाचा नुसता पत्ता दिला होता. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी समोरच मोबाईलवर टाकला, तर ‘पान सापडत नाही’. तेव्हापासून महत्त्वाचं पान दिसलं की आधी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणारं संकेतस्थळ) जतन करते आणि तो पत्ताही जोडते. दोन मिनिटांचं काम आहे.

आता मराठी पानांची खास कटकट. पत्ता कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची माळ उमटते. देवनागरीतलं एकेक चिन्ह नऊ रोमन अक्षरांचं होतं. काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे एकट्या ‘किल्लारी’ची बहात्तर! छापल्यावर अर्धं पान त्यातच जातं. क्रोममध्ये पत्त्याचा शेवटचा देवनागरी भाग तेवढा वेगळा निवडून कॉपी करा, तो जसाच्या तसा येतो. मग सुरुवातीचा भाग हातानं टाईप करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही संदर्भ म्हणून नको. चॅटजीपीटीनं सुचवलेलं पुस्तक आधी शोधून, उघडून बघा. नसलेली पुस्तकंही तो लेखकाच्या नावासकट बिनदिक्कत सांगतो.

आणि हो, जुन्या अहवालांच्या शीर्षकात ‘उस्मानाबाद’ असेल. तिथं धाराशिव करू नका, छापलंय तसंच ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात धाराशिव लिहा, पहिल्यांदा येईल तिथं कंसात जुनं नाव द्या. नाहीतर त्या नावानं शोधणाऱ्याला तो अहवाल सापडणारच नाही.