व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं उपकरण) बंद असलेलं विमान घेऊन आयएफआर (बाहेर न बघता उपकरणांच्या भरवशावर उडायचे नियम) जाता येतं का? आणि ढगात असतानाच काही बंद पडलं तर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: अमेरिकेत नुकतंच इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयएफआर उडायची परवानगी) झालंय, क्लबच्या जुन्या सेस्ना १७२ मध्ये व्हीएसआयचा काटा शून्यावरच बसलाय, क्लबवाले म्हणतायत जा बिनधास्त, आणि तुम्हाला हे नियमात बसतं का ते हवंय, शिवाय ढगात असताना असं काही झालं तर काय करायचं तेही. मी पण प्रायव्हेट पायलटच आहे, पोटापाण्याची नोकरी वेगळी, रेटिंग घेऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा एअरलाइनवाल्या कॅप्टनचं उत्तर समजून वाचू नका.

नियमाचं आधी. आयएफआरसाठी काय काय चालू पाहिजे ते अमेरिकेच्या उड्डाण नियमांतल्या ९१.२०५ मध्ये आहे, आणि गंमत म्हणजे त्यात व्हीएसआय नाहीच. ॲटिट्यूड इंडिकेटर (विमान किती कललंय, नाक वर की खाली ते दाखवणारं) आहे, डीजी (दिशा दाखवणारं) आहे, टर्न कोऑर्डिनेटर (किती वेगाने वळतोय ते दाखवणारा) आणि त्यातला बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते सांगणारा), बॅरोमीटरवर सेट करता येणारं अल्टिमीटर म्हणजे उंचीमापक, वीज बनवणारा अल्टरनेटर, रेडिओ आणि ज्या रूटने जाणार त्याला लागेल ती नेव्हिगेशनची उपकरणं, आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. घड्याळ पॅनलमधलंच लागतं, मनगटावरचं चालत नाही असंच आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे बघा, दीडशे रुपयाच्या लायकीचं ते घड्याळ बंद पडलं तर तुम्ही जमिनीवर, आणि व्हीएसआय मेलं तरी तुम्ही हवेत!

पण २०५ मध्ये नाही म्हणजे झालं, असं नसतं. आपल्यासारख्या छोट्या विमानांना सहसा एमईएल (काय बंद असलं तरी उडता येतं त्याची मंजूर यादी) नसते, मग ९१.२१३ चा डी परिच्छेद लागू होतो. त्यात बघायचं असं की ती वस्तू दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघत उडायचे नियम) सर्टिफिकेशनचा भाग आहे का, विमानाच्या इक्विपमेंट लिस्टमध्ये ती आवश्यक म्हणून लिहिलीय का, दुसऱ्या कुठल्या नियमाने किंवा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हने (विमानाच्या सुरक्षिततेसाठीच्या सरकारी आदेशाने) लागते का. सगळीकडे नाही आलं की मग ती एकतर काढायची किंवा निकामी करायची आणि वर इनऑपरेटिव्ह असं लेबल लावायचं, आणि त्यानंतर पायलटने किंवा मेकॅनिकने ठरवायचं की यात धोका नाही. हे शेवटचं लोक विसरतात. क्लबवाल्याने फोनवर जा म्हणणं म्हणजे ठरवणं नव्हे, त्या दिवशीचे पायलट तुम्ही आहात तर सही नसली तरी निर्णय तुमच्या नावावर आहे.

आता हवेतलं. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण हे माझ्यावर गुदरलंय.

जुनं १७२, व्हॅक्यूम पंप (हवा ओढून काही उपकरणांतला जायरो म्हणजे फिरती चकती फिरवणारा) एकच, पाच हजार फुटांवर ढगाच्या आत, मी एकटा. सगळं शांत होतं. ॲटिट्यूड इंडिकेटर थोडं डावीकडे कललेलं दिसलं, म्हणून मी जरासं उजवीकडे दाबलं, परत कललं, परत दाबलं. मनात हेच की आज वारा फार नाही मग हे विमान असं डावीकडे का पळतंय. मग वेग वाढल्याचा आवाज आला, म्हणजे खरंच कानांनी कळलं आधी, एअरस्पीड बघितला तर ११० वरून १२५ झालेला, उंची दोनशे फूट गेलेली, आणि टर्न कोऑर्डिनेटरचं छोटं विमान उजवीकडे चांगलंच झुकलेलं. ॲटिट्यूड इंडिकेटर म्हणतंय डावीकडे आहोत, टर्न कोऑर्डिनेटर म्हणतंय उजवीकडे, आणि माझं अंग म्हणतंय आपण अगदी सरळ आहोत. तिघांपैकी दोघं खोटं बोलतायत आणि ठरवायला वेळ नाही. नजर खाली उजवीकडे व्हॅक्यूम गेजवर गेली, तिथे शून्य. एरवी साडेचार ते साडेपाचमध्ये असतं.

हे असं का होतं ते एकदा नीट डोक्यात बसवून घ्या. ड्राय पंपमध्ये कार्बनच्या पात्या असतात, त्या झिजत झिजत एक दिवस तुटतात, आणि तुटल्या की पंप तत्क्षणी जातो. पण जायरो तत्क्षणी थांबत नाही, तो भोवऱ्यासारखा हळूहळू मंदावतो आणि मंदावता मंदावता कलायला लागतो. काटा पडला असता किंवा लाल झेंडा आला असता तर बरं झालं असतं, कारण मेलेलं उपकरण लगेच ओळखू येतं, हे मरताना पण इतकं हळू खोटं बोलतं की आपण त्याच्या मागे मागे जातो. डीजी पण त्याच पंपावर, त्यामुळे ते दोघं एकमेकांची साक्ष देतात! टर्न कोऑर्डिनेटर विजेवर असतो तो याच कारणासाठी.

ऑक्टोबर २००० मध्ये मिसूरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन यांचं सेस्ना ३३५ रात्री पावसात पडलं, मुलगाच विमान चालवत होता, विमानातले तिघेही गेले. त्याने मुख्य ॲटिट्यूड इंडिकेटर नीट चालत नसल्याचं कंट्रोलरला कळवलं होतं. एनटीएसबीने (अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने) कारण लिहिलं पायलटचा दिशाभ्रम, आणि त्याला हातभार ॲटिट्यूड इंडिकेटरच्या बिघाडाचा आणि हवामानाचा. म्हणजे बिघाड ओळखून सांगितलेलं असूनही. त्यामुळे मला जमलं त्यात माझं कौतुक फार नाही, माझ्याकडे दिवसाचा उजेड होता आणि ढगाचा तळ बराच वर होता.

मी काय केलं तर आधी टर्न कोऑर्डिनेटरवर पंख सरळ केले, वेग आणि अल्टिमीटर बघून उंची धरली, आणि नीबोर्डवरचा (मांडीवर बांधायच्या पाटीवरचा) चिकट कागद फाडून ॲटिट्यूड इंडिकेटरवर चिकटवला, दुसरा डीजीवर. हसू नका, झाकल्याशिवाय डोळे तिथेच जातात, इतक्या तासांची सवय असते. तुमच्या सीएफआयने (प्रशिक्षकाने) ट्रेनिंगमध्ये उपकरणं झाकायला रबराच्या चकत्या लावल्या असतील, फरक एवढाच की तिथे चकती लावली की बिघाड झाला हे आपल्याला आधीच कळतं, आणि अवघड भाग तोच तर असतो.

मग एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगितलं. ही मेहरबानी नाही, ९१.१८७ प्रमाणे आयएफआरमध्ये कंट्रोल्ड हवाई क्षेत्रात नेव्हिगेशन, ॲप्रोच किंवा रेडिओचं उपकरण बिघडलं तर लगेच कळवावंच लागतं, काय बिघडलं, त्याने किती अडतंय आणि तुम्हाला कसली मदत हवी ते. कंट्रोलरने विचारलं इमर्जन्सी डिक्लेअर करताय का, आणि मी दोन सेकंद गप्प. का तर कागदपत्रं. किती मूर्खपणा! ९१.३ मध्ये स्पष्ट आहे, इमर्जन्सीत गरजेपुरता कुठलाही नियम मोडता येतो आणि लेखी रिपोर्ट त्यांनी मागितला तरच द्यायचा. मी हो म्हटलं. मला कुणी काहीही मागितलं नाही.

त्याने मला नो-जायरो वेक्टर दिले. हे माहीत नसेल तर लक्षात ठेवा. यात तो हेडिंग (किती अंशांच्या दिशेने जायचं ते) सांगतच नाही, फक्त टर्न राइट म्हणतो, आपण स्टँडर्ड रेटने म्हणजे सेकंदाला तीन अंशांनी वळत राहायचं, आणि त्याच्या रडारवर दिशा जुळली की तो म्हणतो स्टॉप टर्न. कंपासकडे बघायची गरजच नाही, जो वळताना उत्तरेला मागे राहतो, दक्षिणेला पुढे पळतो आणि हलत्या हवेत नुसता नाचतो. तीन हजाराच्या खाली जमीन दिसली तेव्हा लक्षात आलं की माझा डावा हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) इतका आवळलेला होता की बोटं सरळ होत नव्हती.

ऑटोपायलट असेल तर तो कुणाच्या सांगण्यावरून चालतो ते आधीच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. काही साधे ऑटोपायलट टर्न कोऑर्डिनेटरवर चालतात, ते व्हॅक्यूम गेल्यावरही पंख सरळ ठेवतात, आणि काही ॲटिट्यूड इंडिकेटरवर, ते मेलेल्या जायरोच्या मागे तुम्हाला आनंदाने घेऊन जातात.

बाकीचे बिघाड पटकन. अल्टरनेटर गेला तर बॅटरी अर्धा तास धरून चाला, त्याहून कमीच, लगेच विजेचा लोड कमी करा आणि उतरायची जागा शोधा. रेडिओ गेला तर आधी व्हॉल्यूम आणि हेडसेटची पिन बघा, खरंच गेला असेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० (रेडिओ बंद असल्याचा कोड), बाहेर व्हीएफआर असेल तर व्हीएफआरमध्येच राहून जमेल तितक्या लवकर उतरायचं, नसेल तर ९१.१८५ चा रूट आणि उंचीचा क्रम, तो तुम्हाला चेकराइडमुळे (परीक्षेच्या उड्डाणामुळे) पाठ असेलच. पिटॉट (वेग मोजायची बाहेरची नळी) गोठला तर त्याची हीट लावा.

आणि आता तुमचं व्हीएसआय. काटा शून्यावर बसलाय, पण का? ते स्टॅटिक लाइनवर (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत आणणाऱ्या नळीवर) आहे आणि त्याच लाइनवर अल्टिमीटर आणि एअरस्पीड पण आहेत. लाइनमध्ये पाणी किंवा कचरा असेल तर व्हीएसआय शून्य दाखवेल, अल्टिमीटर आहे तिथेच थिजेल आणि एअरस्पीड चढताना कमी आणि उतरताना जास्त दाखवेल. १९९६ मध्ये एरोपेरूचं ७५७ एवढ्यावरूनच गेलं, विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर (त्या नळीच्या बाहेरच्या तोंडावर) लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली, ७० माणसं. तेव्हा आधी ज्याने ते विमान शेवटचं उडवलं त्याला गाठा आणि विचारा, अल्टिमीटर आणि एअरस्पीड नीट होते का. होते म्हणाला तर बिघाड बहुतेक व्हीएसआयच्या पोटातच आहे.

दुसरं, मेकॅनिकने ते काढून बघितलंय का विचारा. काढलं असेल तर स्टॅटिक सिस्टीम उघडली गेली, आणि ९१.४११ प्रमाणे नुसती दर २४ महिन्यांची तपासणी पुरत नाही, उघडून बंद केल्यावर परत टेस्ट करून लॉगबुकमध्ये नोंद पाहिजे, त्याशिवाय कंट्रोल्ड हवाई क्षेत्रात आयएफआर नाही. लेबल लागलंय, इक्विपमेंट लिस्टमध्ये ते आवश्यक नाही, आधीचा पायलट बाकी ठीक म्हणतोय आणि लॉगबुक जुळतंय, तर मी जाईन, पण पहिल्यांदा ढगाचा तळ दोन-तीन हजार फुटांवर असलेल्या दिवशी, रात्री नाही. यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी व्हीएफआर मजा करा आणि क्लबला ईमेल टाका. फोन नको, ईमेल.