कृषी सल्ला : साखळी खाली बांधा, दुकानदाराचं ऐकू नका

ऊसतोड सुरू झाली की माझ्याकडे हुमणी-लोकरी मावा या किडींपेक्षा रुतलेल्या ट्रॉल्यांचे फोन जास्त येतात. गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो. ट्रॅक्टर कसा चालवायचा हे तुम्हाला सांगायची गरज नाही. साखळी, हूक, शॅकल (साखळी अडकवायची पिनेची कडी) यांबद्दल मात्र सांगावंच लागतंय.

प्रश्न (शिरोळ) : जमीन काळी, भारी. फडात भरलेली ट्रॉली रुतते. दुसरा ट्रॅक्टर लावून टोचन करतो, म्हणजे साखळीने ओढतो, पण साखळी तुटते. दुकानदार म्हणतो आणखी जाड घ्या. घेऊ का?

आधी सांगा, साखळी तुटली तेव्हा ओढत होता की झटका मारत होता? बहुतेक झटकाच. साखळी ढिली सोडायची, ट्रॅक्टर पुढे पळवायचा आणि ताण येईल तेव्हा येईल, अशी सगळीकडची रीत आहे. 50 एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. कोरड्या जमिनीवरही तो सरळ ओढीत स्वतःच्या वजनाएवढं ओढत नाही, त्याआधी टायर घसरतो. पण पळवून झटका दिला की क्षणभर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. साखळी तुटते ती या क्षणाला. जाड घेतलीत तर साखळी टिकेल आणि ट्रॉलीचा हूक उपटून येईल. मग तो हूक कोणाच्या छातीत बसतो ते बघत बसायचं.

म्हणून साखळी ताठ करा, मग क्लच हळू सोडा, पहिला लो गिअर. चाक घसरायला लागलं की थांबा. थांबा म्हणजे थांबा, आणखी रेस करू नका. अर्धा ऊस खाली टाका. मुकादम कुरकुर करेल, करू दे. चाकांपुढची माती फावड्याने उतरती करा, पाचट नको, ते सरकतं. फळ्या किंवा तोडलेला बाभळीचा फाटा टाका. आदल्या दिवशी पाणी दिलेल्या फडात ट्रॉली घालूच नका. वाफसा येऊ द्या, म्हणजे ओल ओसरून जमीन पाय धरेल अशी होऊ द्या. तोडीच्या आधी पाणी कधी बंद करायचं हे तुमच्याच हातात असतं. इथे दोन दिवसांची घाई केली की दोन तास चिखलात जातात, आणि वर एखादा हूक मोडतो.

आता साखळी कुठे बांधता ते बघू. आमच्या भागात सर्रास टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा सीटखालच्या एक्सलला गुंडाळतात. दुकानदारही सांगतो, वर बांधा, उचल चांगली मिळते. खोटं आहे. ओढ मागच्या एक्सलला किंवा त्याच्या वर लागली की ट्रॅक्टर पुढे जायच्या ऐवजी स्वतःच्या मागच्या चाकांभोवती उभा राहतो. तोंड उचललं की परत न येण्याच्या जागी जायला एक सेकंदही लागत नाही. क्लच दाबेपर्यंत तुम्ही ट्रॅक्टरखाली असता. साखळी ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीलाच लावा. एक्सलच्या खाली, फक्त ड्रॉबारलाच.

आणि एक. ट्रॅक्टर स्वतः रुतला की मागच्या दोन्ही चाकांना आडवं लाकूड साखळीने बांधून चढवायची युक्ती अनेक जण करतात. लाकूड जमिनीत अडकलं की चाक फिरत नाही, मग इंजिन चाकाऐवजी ट्रॅक्टरलाच फिरवतं. हे करू नका. चाकामागे खणून रिव्हर्सने बाहेर या.

प्रश्न (वाळवा) : मग साखळी घ्यायची तर कोणती? बाजारात किलोवर मिळते.

किलोवर मिळते तिथेच गडबड आहे. दुकानदार जाडी दाखवतो, हातात पेलून दाखवतो, म्हणतो बघा वजन. जाडी ही ताकद नव्हे. लोखंड कोणतं ते बघा. चांगल्या साखळीच्या कड्यांवर ठराविक अंतराने 8, 80 किंवा टी असा ठसा असतो. ही ग्रेड 80. 10 मिमीच्या ग्रेड 80 साखळीचा कामाचा भार 3.15 टन, 13 मिमीचा 5.3 टन. त्याच 10 मिमीची साधी, बिनठशाची मऊ लोखंडाची साखळी साधारण सव्वा टनापर्यंतच धरायची. रंग दोन्हीवर सारखा काळा. दुकानात पहिलं वाक्य हे बोला : ठसा दाखवा. ठसा नाही, तर उठा.

टोचनासाठी 13 मिमी, सहा मीटर, ग्रेड 80 घ्या. वजनाला वीस-बावीस किलो, उचलायला जड आहे, किंमतही टोचते, पण एकदाच. तिच्याबरोबर शॅकलही भार कोरलेलाच हवा, साडेसहा टनांचा. शॅकलची पिन हरवली म्हणून तिथे नट-बोल्ट घालू नका. बोल्टचं लोखंड त्या कामाचं नसतं आणि तो वाकतो तो कळत नाही.

एका फडात मी स्वतः बघितलं. तुटलेली साखळी कड्यात बोल्ट घालून जोडली होती, दुसऱ्याच ओढीला बोल्ट निसटला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डला जुन्या चाराण्याएवढं गोल भोक पाडून बांधापलीकडे गेला. भोकाच्या मागे दोन मिनिटांपूर्वी ड्रायव्हरचा भाचा बसला होता. तेव्हापासून माझा नियम : ओढताना मडगार्डवर कोणी नाही आणि साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभं नाही. साखळीच्या मध्यावर ओलं पोतं टाका, तुटली तर निदान उडी कमी घेते. नायलॉनचा सोल त्याहून वाईट. तो ताणून साठवतो आणि तुटला की चाबकासारखा येतो.

प्रश्न (अंबड) : तुटलेली साखळी वेल्डिंग करून चालते का? वेल्डरने खात्री दिली आहे.

वेल्डर खात्री देतो, त्याच्यावर दावा कोण करणार? ग्रेड 80 साखळीला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते. रस्त्यावर इलेक्ट्रोड लावलात की ती ताकद त्या जागी गेली. जोड चमकदार दिसतो, शेजारचं लोखंड मात्र मऊ किंवा ठिसूळ झालेलं असतं. वेल्ड नको, गाठ नको, कडीत बोल्ट नको. जोडकडी मिळते, तीही त्याच ग्रेडची घ्या.

कडी दहा टक्के झिजली की साखळी काढायची. 13 मिमीची कडी 11.7 च्या खाली गेली की झालं, व्हर्नियरने मोजा. हूक घेताना त्याच्या तोंडाची रुंदी ट्रॅक्टरच्या वहीत लिहून ठेवा, दर महिन्याला मोजा. तोंड उघडत चाललं असेल तर हूक बाद, हातोडीने ठोकून बंद करू नका. सळई वाकवून केलेला एस आकाराचा हूक तर मी पाहिला की काढायलाच सांगतो.

प्रश्न (पारनेर) : बोअरची मोटार ट्रॅक्टर पुढे घेऊन, तिकाटीवर (तीन पायांच्या घोडीवर) कप्पी लावून ओढतो. तार रस्सी निसटते.

दोन चुका आहेत. पहिली, रस्सीचा फास क्लिपने धरता ना? क्लिपचा यू-बोल्ट रस्सीच्या मोकळ्या, कापलेल्या टोकावर आणि खोगीर, म्हणजे क्लिपचा खाचेचा तुकडा, ताणाच्या बाजूवर. बहुतेक क्लिप उलट्या बसवलेल्या असतात, त्या ताणाची बाजूच चेपून टाकतात. 10-12 मिमीच्या रस्सीला निदान तीन क्लिपा, दोन क्लिपांत रस्सीच्या जाडीच्या सहापट अंतर. पहिल्या ताणानंतर पुन्हा आवळा.

दुसरी चूक मोठी. मोटार आणि पाइप मिळून अर्धा टन धरा. रस्सी कप्पीवरून खाली वळते तेव्हा कप्पीवर अर्धा टन नाही, जवळपास एक टन येतो, दोन्ही बाजूंची ओढ मिळून. शिवाय ट्रॅक्टर आडवा ओढतो म्हणून तिकाटी ट्रॅक्टरच्या बाजूला झुकते. पायाशी वळणकप्पी बांधून रस्सी तिकाटीतून सरळ खाली आणावी लागते. हे सगळं करण्यापेक्षा दोन टनांची चेन कप्पी भाड्याने आणा. हळू जाते, पण थांबवाल तिथे थांबते. मला विचाराल तर विहीर-बोअरसाठी ट्रॅक्टर नकोच. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकने उचललेल्या वजनाखाली शिरणं तर नकोच नको. सील कधी सोडेल सांगता येत नाही.

प्रश्न : बाभळीचे बुंधे साखळीने ओढून काढतो, चालेल?

मनगटाएवढे काढा, मुळं आधी कुऱ्हाडीने तोडून. मांडीएवढे असतील तर एक तासाची जेसीबी लावा. ट्रॅक्टर उलटण्याच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या त्यात बुंधे जास्त आहेत, कारण बुंधा हलत नाही आणि माणूस चिडतो.

प्रश्न : या साखळ्यांना अनुदान मिळतं का?

नाही. ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करा, पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका. दुकानदार आधी बिल फाडतो आणि मग रडत माझ्याकडे येता. अपघातासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान आहे, 10 ते 75 वयासाठी, मृत्यूला दोन लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर एक लाख. ट्रॅक्टर अपघात यात बसतो. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, पोलीस पंचनामा आणि कागदपत्रं जोडून.