ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. जुन्या डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवरचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलता येईल का?

येईल, पण नेहमीचा एटीएक्स (बाजारात सर्रास मिळणाऱ्या ठरलेल्या मापाचा) एसएमपीएस आणून थेट जोडता येणार नाही. या मदरबोर्डला २४ ऐवजी ८ पिनचा कनेक्टर आहे, त्यामुळे डेलसाठीचं २४ ते ८ पिन कन्व्हर्टर लागतं. मागवताना मॉडेल नंबर सांगाच, कारण त्याच काळातल्या एचपीच्या बऱ्याच मशीनना ६ पिन असतात आणि भलतंच कन्व्हर्टर जोडलं तर बोर्ड जळू शकतो. तुमचा टॉवर आहे हे बरं झालं. बारक्या डब्याच्या मॉडेलमध्ये एटीएक्स मावतच नाही.

आधी कार्ड ठरवा. वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमधूनच ७५ वॅटपर्यंत घेतं, त्याला सहसा मूळचा २९० वॅटचा एसएमपीएस पुरतो. मग कशाला खर्च करता? ६ पिनची केबल लागणारं कार्ड असेल तर ४५० वॅट घ्या. लेबलवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात ते वाचा. सोलापूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि तापलेल्या खोलीत स्वस्तातला एसएमपीएस छापील वॅट देत नाही. म्हणून बिनब्रँडचा अजिबात घेऊ नका.